गुरुवारची टिपणं

६ ऑक्टोबर, सोमवार

नवी वही काढली. जुनीत आठ पानं उरली होती, पण नव्या कामाला जुनी वही नको वाटली.

काम असं. येत्या २९ नोव्हेंबरला युद्धबंदीला दोन वर्षं होतील. त्या दिवशी आमच्या संस्थेने अहवाल द्यायचा आहे, की कालव्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांच्या वाट्याला ही शांतता कशी आली. नऊ वर्षं या शहरात गोळीबार झाला. त्याबद्दल आमच्याकडे कपाटंच्या कपाटं भरून कागद आहेत. कुणी कुठला पूल उडवला, कुठल्या गल्लीत किती मेले, तहावर कुणाच्या सह्या. सत्तावीस सह्या, सगळ्या पुरुषांच्या. बायकांना कुणी काही विचारलेलंच नाही. ते मी विचारणार आहे.

फॉर्म मी एकटीने केला, बत्तीस प्रश्नांचा. मुलाखती घेणाऱ्यांसाठी नियमांची पुस्तिकाही मीच लिहिली. नियम पहिला: बाई एकटी हवी आणि दार बंद हवं. नियम सातवा: रेकॉर्डिंग उतरवताना आवाज ओळखीचा निघाला तर तिथेच थांबवा, दुसरीकडे द्या, आणि त्या बाईजवळ कधीही विषय काढू नका. संचालकांनी पुस्तिका उभ्या उभ्या चाळली आणि विचारलं, "शेवटी आकडा काय येणार?" या माणसाला स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी आधी पायऱ्या मोजेल.

दिवसभरात सलग दहा मिनिटं खुर्चीत बसले नाही. आई असती तर म्हणाली असती, पायाला भिंगरी लागलीय हिच्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फॉर्मची चाचणी घेतली, वहिनीवर. घरचंच माणूस, म्हटलं अडखळलं तर हसून घेऊ.

दादाकडे गेले तेव्हा तोही घरी होता. टेबलाशी बसून दिव्याचं बटण दुरुस्त करत होता. त्याला उठवायचं जिवावर आलं. तशीही ही चाचणी, मोजायची नाहीच, मग नियम पहिला कशाला ताणायचा. दादा मध्ये मध्ये उत्तरं सुचवत होता आणि आम्ही हसत होतो. चौदावा प्रश्न आहे: युद्धबंदीनंतर तुम्हाला जास्त सुरक्षित वाटतं, पूर्वीइतकंच की कमी? वहिनीने विचारलं, "हा प्रश्न शहराबद्दल आहे का?" मी म्हटलं, अगं तुझ्याबद्दल. दादा स्क्रू घट्ट करत म्हणाला, "लिही जास्त. एवढं सगळं कुणासाठी केलं मग?" वहिनी म्हणाली, "लिहा जास्त."

सतरा मिनिटांत बत्तीस प्रश्न संपले. फॉर्म उत्तम चालतो. घरी येऊन नियमाप्रमाणे चाचणीचा कागद फाडून टाकला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शांतता समितीची बैठक. दर गुरुवारी चारला, जुन्या टपाल कार्यालयाच्या हॉलमध्ये. दोन्ही बाजूंचे मिळून अकरा सभासद, त्यांत दादाही; अकराही पुरुष. मी बारावी, पण मी टिपणं घ्यायला. अध्यक्षांनी सांगितलं होतं, "बाईंचं अक्षर सुरेख असतं." अंगाचा तिळपापड झाला होता तेव्हा, पण आत बसायला मिळतंय तर अक्षर तर अक्षर.

आज पलीकडच्या वकिलांनी दादाला भर सभेत ऐकवलं, "तुम्ही सहा वर्षं हातात बंदूक घेऊन फिरलात. आम्हाला शांतता शिकवू नका." दादाने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, आणि शांतपणे म्हणाला, "पुढचा विषय घेऊ." मला अभिमानाने भरून आलं. हाच माणूस दोन वर्षांपूर्वी रिकामे हात वर करून पूल ओलांडणाऱ्या पहिल्या पाचांत होता. अहवालात एक प्रकरण अशा संयमावर असायला हवं. लढाई सोडलेल्या पुरुषांनी राग कसा पचवला यावर कुणी लिहीत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डोकं ठणकत होतं म्हणून वहिनीच्या दुकानात गेले. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, चौदा वर्षं झाली. आज नव्हती. मालक स्वतः गोळ्या शोधत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं. म्हणाले, "हल्ली शुक्रवारी बाईंचं काही ना काही दुखतं." मी म्हटलं, आठवडाभर उभं राहून पाय नाही दुखणार तर काय. त्यांना जरा टोचलं असावं. टोचू दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा मुलाखती झाल्या. सिस्टर फार चांगलं काम करतात. त्या निवृत्त परिचारिका, बासष्ट वर्षांच्या, दोन्ही बाजूंच्या जखमींना टाके घातलेल्या. टायपिंग मात्र दोन बोटांनी, बघवत नाही.

आज आम्ही दोघी पलीकडे एका शिंपीणबाईंकडे गेलो. मी विचारलं, "तुमच्यावर शेवटची हिंसक घटना कधी घडली?" त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. "शेवटची? झाली कुठे अजून शेवटची." मी फॉर्मवर तारखेच्या चौकटीत पेन टेकवून बसलेली. म्हटलं, मग पहिली सांगा. "ते परत आल्यावर," त्या म्हणाल्या. "गोळीबार होता तोवर नवरा खंदकात होता. आता घरात आहे." तारीख काही आठवेना. शेवटी मी लिहिलं, तारीख अनिश्चित.

परत येताना पुलावर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न फार चांगला विचारता. उत्तर येईपर्यंत थांबत नाही तेवढं." मला राग आला. दिवसाला तीन मुलाखती करायच्या तर थांबून कसं चालेल?

पण अकरापैकी पाचजणींनी तेच शब्द वापरलेत: ते परत आल्यावर. हे मोठं आहे. झोप लागणं कठीण.

१८ ऑक्टोबर, शनिवार

वहिनी आपणहून माझ्याकडे आली. इकडचं तिकडचं बोलली, माझ्या कपाटावरची धूळ पुसली, मग हळूच म्हणाली, "वन्सं, माझा तो कागद आहे का हो अजून?" मला वन्सं म्हणते ती, चिडवायला. आता या जगात वन्सं कोण म्हणतं? मी म्हटलं, चाचणीचा कागद होता, फाडला. "बरं केलंत," म्हणाली. थोड्या वेळाने, "मग एखाद्या बाईला पुन्हा भरायचा असला तर भरता येतो?"

मी खूश झाले. म्हटलं, वहिनी, तुला विषयाची गोडी लागली, आता तुला संस्थेतच घेऊ. आणि तिला पाऊण तास समजावून सांगितलं की युद्धाचा अभ्यास आजवर फक्त सैन्यांच्या बाजूने कसा झाला, घर हे रणांगण म्हणून कुणी कसं मोजलंच नाही, बाईच्या अंगावर काय येतं ते पाहिल्याशिवाय युद्ध संपलं असं म्हणताच येत नाही. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. जाताना म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीत असतं."

एवढी चांगली श्रोती संस्थेत एकही नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

बैठक वाईट झाली. पूल रात्रभर उघडा ठेवायचा का, यावर दोन तास. वकिलांनी दादाच्या पथकाचं नाव घेतलं आणि तीन घरांची नावं घेतली. एकाने तर त्याच्या तोंडावर बोट नाचवलं. दादा उठला नाही, आवाजही चढवला नाही. पेनचं टोपण तेवढं काढत-घालत राहिला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "असा संयम सगळ्यांनी शिकावा." हे मी टिपणात शब्दशः घेतलं.

आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आलो. तो एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, दादा, आज तू कमाल केलीस. "घरी गेलो की बरं वाटेल," म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. बिचारा.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

वहिनीला एक लेख द्यायला गेले. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, ताप आहे, तुम्हाला लागेल, लांब राहा. मी तापाच्या गोळ्या आणून दाराबाहेर ठेवल्या. मग जिना उतरताना हसू आलं, औषधाच्या दुकानातल्या बाईला मी गोळ्या आणून देतेय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

भांडले. आता बरं वाटतंय.

संचालकांनी मसुद्यातलं सहावं प्रकरण उचलून परिशिष्टात टाकलं होतं. सहावं म्हणजे घरातल्या मारहाणीचं. म्हणाले, "हा अहवाल शांततेवर आहे. घरगुती भानगडी आपला विषय नाही. शिवाय त्या दिवशी व्यासपीठावर समितीचे लोक बसणार, त्यांचा सत्कार आहे. बरं दिसतं का?" मी म्हटलं, छत्तीसपैकी सतराजणी म्हणतात की नवरा बंदूक खाली ठेवून घरी आला तेव्हा मार सुरू झाला. तुमच्या नकाशावर गोळीबार थांबला म्हणून लाल ठिपके पुसले, ते ठिपके स्वयंपाकघरात गेले. तुम्हाला आकडा हवा होता ना? सतरा. घ्या.

ते म्हणाले, "नावं नाहीत, तारखा नाहीत, कोण विश्वास ठेवणार?" मी म्हटलं, आणखी दहा मुलाखती द्या. सविस्तर, वार-तारखेसकट. त्यांनी मान डोलावली. प्रकरण परत आत आलं.

दादाला फोन करून सांगितलं. म्हणाला, "छोटी, तू ना, कुणाला ऐकणार नाहीस." खूप हसला. मग म्हणाला, "पण अशा बायका कुठून शोधून आणता तुम्ही?"

२ नोव्हेंबर, रविवार

खिडक्या पुसल्या. पुसून झाल्यावर पुन्हा पुसल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

हे लिहू नये. लिहिते.

सिस्टर दोन दिवस रजेवर आहेत, बहिणीकडे गेल्यात. संचालक सकाळपासून मागे लागले होते, नव्या मुलाखती उतरवून कुठे आहेत? सिस्टरच्या कपाटात पाकिटं होती. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. एक्केचाळीसवर त्यांनी लिहिलं होतं, "ही मी स्वतः उतरवीन." मला वाटलं, दोन बोटांनी कधी व्हायची ती, आपणच मदत करावी. पाकीट उघडलं, कानाला यंत्र लावलं.

पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला. नियम सातवा मी लिहिलाय. बटण माझ्या बोटाखाली होतं. मी बंद केलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

सिस्टर बहुतेक नुसतं "हं" म्हणतात, क्वचित एखादा प्रश्न. बाकी सगळी ती.

"सहा वर्षं हे बाहेर होते. मी एकटी, खिडकीला गादी लावून झोपायचे. भीती वाटायची, पण गोळी काय, कुणालाही लागते. तिचा माझ्यावर राग नसतो. आता समितीत जातात. तिथे लोक वाट्टेल ते बोलतात, हे ऐकून घेतात. सगळे म्हणतात केवढा संयम. तो जिन्यापर्यंत टिकतो. पायरीवरच्या पावलावरून कळतं मला आज काय झालंय ते."

"दर गुरुवारी?"

"नाही नाही. कुणी बोललं असेल त्याच गुरुवारी. नाहीतर चांगले असतात. मी तर हल्ली पलीकडच्यांसाठीच प्रार्थना करते, की बाबांनो, आज जरा गोड बोला." आणि ती हसली. माझी वहिनी दुकानात हसते तशीच हसली.

"घरात कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? नणंद आहे, तुमच्याच इथे असतात. आमच्या वन्सं. माणूस सोन्यासारखं आहे, पण भावावर फार जीव. आणि त्या घरी येऊन भाषण करतील. भाषण करून सकाळी ऑफिसला जातील आणि मी तिथेच. त्यांना नका सांगू."

"मग तुम्हाला काय हवंय?"

सिस्टर थांबतात. मग, "गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी घरी येऊन बसलं तरी पुरे. काही बोलायला नको. पाहुण्यांसमोर हे फार चांगले असतात. रागाचा एक तास निघून गेला की झालं."

रेकॉर्डिंग एकोणतीस मिनिटांचं आहे. माझी सतरा मिनिटांत झाली होती.

दादाने हे केलं? त्याने मला सायकल शिकवली, तेव्हा मागची सीट धरून किलोमीटरभर पळाला होता. बाबा गेल्यावर माझी फी त्याने भरली. मी सतराजणींवर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि अठरावीच्या वेळी माझ्या मनात आलं की ती वाढवून सांगत असेल. हे मनात आलं, म्हणून लिहिलं. कुणाला कधी सांगणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी तीनदा तिच्या दुकानावरून गेले. चौथ्यांदा आत शिरले. ती काउंटरवर होती, पट्ट्या कापत होती.

"काय देऊ वन्सं?"

"खोकल्याच्या गोळ्या."

"तुम्हाला खोकला कुठेय?"

मी खोकून दाखवलं. ती हसली आणि गोळ्या दिल्या. मी कापूसही घेतला आणि एक मलम, कशाचं ते पाहिलंही नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. तोंडात शब्द आले होते. पण नियम सातवा. आणि तिने स्वतः सांगितलंय, त्यांना नका सांगू. मग कुठल्या तोंडाने बोलू? सिस्टर उद्या येतील, त्यांना विचारून काय ते करायचं असं ठरवलं. तेच रीतसर होतं.

चारला बैठक. विषय वर्धापनदिनाचा ठराव. दादा समोर बसला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आज मनातल्या मनात मीही म्हणत होते, बोला ना गोड, एक दिवस बोला. साडेपाचपर्यंत बोललेही. मग वकिलांनी विचारलं, सत्कार कुणाकुणाचा? आणि दादाचं नाव आल्यावर खुर्ची मागे ढकलून म्हणाले, "याच्या गळ्यात हार घालणार असाल तर आमच्या मेलेल्यांची माफी मागा आधी." दादा पेनचं टोपण काढायला लागला. सहा वाजून दहा मिनिटांनी तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला.

मला माहीत होतं. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, मला माहीत होतं तो कुठे गेला. मी पर्सही उचलली. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "बाई, ठरावावर आजच सह्या हव्यात, उद्या छापायला जायचाय." ठरावात वाक्य होतं, शहरात संपूर्ण शांतता नांदत आहे. मी म्हटलं, संपूर्ण काढा. त्यावर वाद सुरू झाला. मी खाली बसले. दहा मिनिटं म्हणता म्हणता सात वाजले. शेवटी "संपूर्ण" काढलं आणि मी दहाजणांच्या सह्या घेतल्या.

मग जवळजवळ पळतच दादाच्या घराखाली गेले. वर दिवा होता. काही आवाज नाही, सगळं शांत. हायसं वाटलं. रागाचा तास निघून गेला असणार. एवढ्या उशिरा वर जाऊन काय सांगणार होते? घरी आले.

उद्या सिस्टर येतील.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिस्टरचा फोन सकाळी साडेसातला, रुग्णालयातून. तिथल्या जुन्या मैत्रिणीने त्यांना कळवलं होतं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय आणि कोपर. रात्रीच आणलं होतं. दादाने लिहून दिलं, न्हाणीघरात पाय घसरला.

मी पोचले तेव्हा दादा बाकावर बसलेला. डोळे लाल. मला पाहून उठला, माझा हात धरला, "छोटी, अगं फरशी ओली होती." त्याचा हात गरम होता आणि मी तो सोडवून घेतला. बस, एवढंच जमलं. तो बघत राहिला. त्याला कळलं नाही, की कळलं, काय माहीत.

वहिनी झोपली होती. सिस्टर मला बाहेर जिन्यात घेऊन गेल्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "एक्केचाळीस नंबरच्या पाकिटावर काय लिहिलं होतं?"

मी खालच्या पायऱ्यांकडे बघितलं.

"कधी ऐकलंत?"

"परवा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कठड्याला धरून एक पायरी खाली उतरून पाहिलं कुणी येतंय का, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही ऐकलंत तर भाषण कराल. तीच भीती होती. तुम्ही काहीच करणार नाही हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

मी नियम सातवा म्हणणार होते. म्हटला नाही, एवढी अक्कल उरली होती.

दुपारी वहिनी जागी झाली. सिस्टरना म्हणाली, तक्रार करायची. माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुम्ही नका येऊ. तुमचा भाऊ आहे. तुमच्या जिवाला लागेल." तिचं मनगट मोडलंय आणि ती माझ्या जिवाची काळजी करतेय. मी म्हटलं, मी येणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठाण्यातली खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर हरवलेल्यांचे फोटो, अजून युद्धातलेच. लिहून घेणाऱ्या बाई तिशीच्या असतील. दादाचं नाव ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुलावरून गेलेले तेच?" मग वहिनीला म्हणाल्या, "नीट विचार करा. या महिन्याच्या शेवटी त्यांचा सत्कार आहे. ते म्हणतात पाय घसरला. एकदाच झालेलं असेल तर घसरलाच धरतात."

"एकदाच नाही," वहिनी म्हणाली. "दीड वर्षं."

"कुणी पाहिलंय? कुणाला माहीत आहे? त्यांच्या बाजूचं कुणी?"

सिस्टर म्हणाल्या, यांनी आमच्याकडे सांगितलेलं आहे, रेकॉर्डिंग आहे. बाई म्हणाल्या, ते यांचंच बोलणं झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"त्यांची सख्खी बहीण."

"तुम्हाला काही माहीत होतं?"

"त्यांना काही माहीत नाही," वहिनी पटकन म्हणाली. "त्यांना यात ओढू नका. त्यांना खरंच काही माहीत नाही."

तिला तसंच वाटत होतं. तिच्या लेखी मी अजून ती नणंद होते, भावावर जीव असलेली, जिला कळलं असतं तर निदान भाषण तरी केलं असतं. मी मान हलवली असती तर तशीच राहिले असते, आणि तिचा पाय घसरला असता. बाईंनी पेन उचलून परत टेबलावर ठेवलं, तेवढा वेळ गेला.

"माहीत होतं," मी म्हटलं.

वहिनी वळून बघायला लागली.

मग मी सगळं सांगितलं. समितीत कोण काय बोलतं, तो टोपण कसा काढतो, शुक्रवारी ती दुकानात नसते, मालक काय म्हणाले, दाराआडून ताप आहे म्हणाली. सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी त्याला संयम म्हणून लिहीत होते. मग पाकिटाचं सांगितलं. ऐकायचं नव्हतं, ऐकलं. आवाज ओळखला. बाई भराभर लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, "गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तुम्ही कुठे होता?"

"टपाल कार्यालयात. शांतता समितीच्या ठरावावर सह्या घेत होते."

"आणि हे रेकॉर्डिंग तुम्ही कधी ऐकलं?"

"बुधवारी."

वहिनीने प्लास्टरचा हात मांडीवरून उचलला आणि दुसऱ्या हाताने नीट टेबलावर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे गुरुवारच्या आधी."

"हो," मी म्हटलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.